आई रील करते, लाज मला वाटते

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे 33 वर्षांचे आहेत, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करतात. आई 58 वर्षांच्या, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकट्या राहतात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, तीन वर्षांपूर्वी वारले. धाकटी बहीण कोल्हापुरात नोकरीला आहे, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. आईंना करमावं म्हणून यांनीच दोन दिवाळ्यांमागे चांगला फोन घेऊन दिला. नातवाचे फोटो बघता बघता आईंनी इन्स्टाग्रामवर खातं उघडलं. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवायचा आणि चालू करायचं. आधी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मग सासूकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या. तोवर घरात सगळ्यांना कौतुक होतं. गेल्या श्रावणात मात्र त्यांनी शेजारणींबरोबर एका जुन्या सिनेमातल्या गाण्यावर नाच केला. अंगावर हिरवी साडी, नाकात नथ, कपाळावर टिकली. तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला. खाली ‘आई, लय भारी’ म्हणणारे शेकडो, आणि घाणेरडं लिहिणारेही काही. मोठ्या काकांचा फोन आला, ‘वहिनींना आवरा’. बहिणीला बघायला येणाऱ्या एका घरातून विचारणा झाली, ‘त्या नाचणाऱ्या बाई तुमच्याच आई ना?’ पुढे त्या स्थळाकडून निरोप आला नाही. मुलाने व्हिडिओ काढायला सांगितलं. आई म्हणाल्या, ‘मी काय चोरी केली का?’ आणि आठ दिवस फोन उचलला नाही. आता रिचार्ज मारणं बंद करावं, खातं कुणाकडून तरी बंद पाडून घ्यावं, की काकांनाच समजवायला पाठवावं, असा यांचा प्रश्न आहे. शेवटी लिहिलंय, ‘मी जुन्या विचारांचा नाही, पण प्रत्येक गोष्टीला एक वय असतं.’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ती माझी जुनी खोड आहे. पत्रात कुठला शब्द किती वेळा येतो ते मी मोजते. तुमच्या मूळ पत्रात ‘टिकली’ तीनदा आली आहे, ‘हिरवी साडी’ दोनदा, ‘नथ’ एकदा. ‘नाच’ हा शब्द फक्त एकदाच. घाणेरड्या कमेंटचा विषय चार ओळींत संपला, आणि त्या बायका कुठल्या गाण्यावर नाचल्या हे तर तुम्ही लिहिलंच नाही. मग मला सांगा, तुम्हाला झोंबलंय ते नाचणं की टिकली?

तुम्ही म्हणाल, मला कशाचंच काही नाही, काकांना आहे, लोकांना आहे. मान्य. पण एक गोष्ट तपासून बघा. भाकरीच्या आणि ओव्यांच्या व्हिडिओत आईंच्या कपाळावर काय होतं? खाली स्क्रोल करत जा, पहिल्या व्हिडिओपर्यंत. माझा अंदाज आहे की टिकली तिथेही असेल, बारीक, मरून रंगाची, आणि तेव्हा तुमच्यापैकी कुणाला दिसली नसेल. चुलीपुढे बसलेल्या विधवेच्या कपाळावरची टिकली चालते. तीच बाई उठून हसत हसत गिरकी घेते तेव्हा टिकली एकदम मोठी दिसायला लागते. अंदाज चुकला तर मला जरूर कळवा, मी तसं छापेन.

तुमच्या गावापासून फार लांब नाही, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ही मुंबई-पुण्यातल्या व्याख्यानमालेतली गोष्ट नाही, ऊस आणि दूध संघवाल्या, तुमच्यासारख्याच गावातली आहे. ठरावाने माणसं रातोरात बदलत नाहीत हे मलाही कळतं. बदलली असती तर तुमच्या काकांनी फोन केला नसता. पण आईंनी टिकली लावून काहीतरी विपरीत केलं, असं मनात कुठे असेल तर एवढं ध्यानात घ्या की तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात एका अख्ख्या गावाने हात वर करून त्यांची बाजू घेतली आहे.

आता तुमचं ते ‘प्रत्येक गोष्टीला वय असतं’. हे वाक्य आपण फार सहज वापरतो, मीही वापरते, विशेषतः नवरा भर पावसात ट्रेकला निघाला की. पण आईंच्या बाबतीत ते वय कधी होतं, याचा हिशेब मांडून बघा. विशीत लग्न झालं असेल, तेव्हा सासू-सासरे घरात. नाचायचं वय, पण नाचायची सोय नाही. तिशीत तुमची शाळा, बाबांच्या बदल्या. चाळिशीत तुमची बारावी, बहिणीची दहावी, सासूबाईंचं आजारपण. पन्नाशीत बाबांचं दुखणं. या सगळ्यात मोकळी खोली, मोकळा वेळ, चार मैत्रिणी आणि ‘कशाला’ म्हणून विचारणारं कुणी नाही, हे सगळं एका ठिकाणी जमून आलं ते 58 व्या वर्षी. कडू आहे, कारण ते बाबा गेल्यावर जमून आलं. तुम्हाला टोचतंय त्यात हाही भाग असेल. आई हसते आहे आणि बाबा नाहीत, या दोन्ही गोष्टी एका चौकटीत बघवत नसतील. तसं असेल तर ते दुःख आहे, त्याला लाज म्हणू नका. दोन्ही आतून सारखीच बोचतात, पण औषध वेगळं लागतं.

तुम्हाला माझ्या मावशीची गोष्ट सांगते. सत्तरच्या दशकातली, मिरजेजवळच्या खेड्यातली. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायचं. श्रोते पोस्टकार्डावर गाण्याची फर्माईश पाठवायचे आणि निवेदक गाण्याआधी त्यांची नावं, गावं वाचून दाखवायचे. मावशीने गुपचूप कार्ड टाकलं. दोन महिन्यांनी संध्याकाळी, सासरे ओट्यावर बसलेले असताना, ट्रान्झिस्टरमधून तिचं नाव आलं. पूर्ण नाव, गावासकट. त्या रात्री त्या घरात चूल पेटली नाही असं माझी आई सांगायची. आईला तिखटमीठ लावायची सवय होती, चूल पेटली असेल, पण बोलणी बसली हे खरं. ‘घरातल्या बाईचं नाव चारचौघांत, हवेतून?’ असा सासऱ्यांचा सवाल. मावशीने पुढे काय केलं? कार्डं टाकणं सोडलं नाही. फक्त त्यात दोन्ही मुलांची नावं घातली आणि शेवटी ‘व समस्त परिवार’. गाणं तिच्याच आवडीचं. पुढे पुढे सासरेच शेजाऱ्यांना सांगायला लागले, आमचं नाव आज रेडिओवर येणार आहे म्हणून.

ही एकट्या मावशीची तऱ्हा नव्हती. दादासाहेब फाळक्यांना 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही, शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना साडी नेसवावी लागली. लवकरच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई फाळक्यांच्याच चित्रपटात पडद्यावर आल्या, आणि त्या काळी त्यांच्याबद्दलही कमी बोललं गेलं नाही. नवं यंत्र आलं की त्यातून बाईचं नाव जावं का, आवाज जावा का, तोंड दिसावं का, हा वाद ठरलेला. तुमच्या घरी तो आत्ता पोचला इतकंच.

इतकं बोलून झाल्यावर तुमची बाजूही घ्यायला हवी, कारण ती आहे. मावशीच्या ट्रान्झिस्टरखाली कुणाला काही लिहिता येत नव्हतं. आईंच्या व्हिडिओखाली येतं.

रील कसं चालतं ते अनेकांना, अगदी रोज बघणाऱ्यांनाही, नीट माहीत नसतं. आपण ते टाकतो आपल्या ओळखीच्या लोकांसाठी. पण व्हिडिओला लोक थांबतायत, परत बघतायत, पुढे पाठवतायत असं दिसलं की इन्स्टाग्राम तो ज्यांनी आईंचं नावही ऐकलेलं नाही अशांना दाखवत सुटतं. दोन लाख आकडा होतो तो त्यांच्यामुळे. म्हणजे आई नाचल्या चार शेजारणींसमोर, आणि बघायला आलं परभणीपासून पाटण्यापर्यंत कुणीही. त्या माणसांना ही सासूकडून ओव्या शिकलेली, मास्तरांची बायको आहे हे माहीत नाही. त्यांना पंधरा सेकंद दिसतात. त्यातले काही जण घाण लिहिणारच. यात आईंचा दोष काडीचा नाही, पण ते वाचायचं त्यांनाच आहे, रात्री, एकट्या घरात. पत्रातल्या ज्या चार ओळी तुम्ही घाईने संपवल्या, माझ्या मते तुमचं खरं काम तिथे आहे. काकांना काय वाटलं ते काका बघून घेतील.

बहिणीबद्दल एक विचारते. तुमच्या एवढ्या लांब पत्रात तिचं मत कुठेच नाही. लग्न तिचं, आई तिचीही, आणि तिला विचारलंत का, की आईच्या रीलचं तुला काय वाटतं? कदाचित तिला खरंच अवघड जात असेल, ऑफिसातले दाखवत असतील. कदाचित तो व्हिडिओ तिनेच शूट केला असेल! ते स्थळ या कारणाने गेलं असं तुम्ही धरून चालला आहात, पण निरोप न येण्याला पन्नास कारणं असतात. पत्रिका, पगार, पुण्यात फ्लॅट आहे की नाही. आणि समजा याच कारणाने गेलं असेल, तर ज्या घराला 58 वर्षांच्या बाईने मैत्रिणींबरोबर नाचलेलं खपत नाही, त्या घरात तुमची नोकरी करणारी बहीण कशी राहिली असती याचाही विचार करा. मी तर म्हणेन, पुढच्या स्थळाला पहिल्याच फोनवर हसत सांगून टाका, ‘आमच्या आई रील करतात, बघून या.’ चाळण आपोआप होईल. पत्रिकेपेक्षा भरवशाची.

पण हेही आईंना कुणीतरी सांगायला हवं की त्यांचं तोंड त्यांचं, बाकीच्यांचं नाही. लेकीला विचारल्याशिवाय तिचा फोटो, नातवाचा आंघोळीचा व्हिडिओ, शेजारणीची नुकतीच वयात आलेली पोर, यातलं काही टाकायचं नाही. ज्या चार बायका नाचल्या त्यांच्या घरी विचारलं होतं का? एखादीच्या घरी तुमच्या काकांपेक्षा मोठे काका असू शकतात, आणि तिथे नुसत्या फोनवर भागत नाही. हा नियम तुम्हालाही लागू. तुमच्या खात्यावर मुलाचे किती फोटो आहेत हो?

आता तुमचे तीन उपाय. रिचार्ज बंद करणं हा सगळ्यांत वाईट. आईंना बाबांचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असणार, 300 रुपयांचं रिचार्ज त्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मारतील. मग आईंना कळेल ते एवढंच की मुलाने आपलं तोंड बंद करायला पैसे वापरले. शिवाय एकट्या राहणाऱ्या बाईचा फोन बंद पाडणं म्हणजे रात्री छातीत दुखलं तर शेजारी हाक मारायचा रस्ता बंद करणं. चुकूनही करू नका. खातं बंद पाडून घेणं, म्हणजे मित्रांना सांगून तक्रारी टाकायला लावणं, ही फसवणूक आहे, आणि उघडकीला आली तर आठ दिवसांचा अबोला आठ वर्षांचा होईल. राहिले काका. काका दीर आहेत. नवरा गेलेल्या भावजयीला दिराने ‘आवरणं’ हे चित्र तुम्हीच जरा डोळ्यांपुढे आणा. त्यांना एवढंच सांगा, ‘काका, आईशी मी बोलतोय, तुम्ही काळजी करू नका.’ हे एक वाक्य तुमच्याच तोंडून जायला हवं, बायकोला पुढे करू नका. ती आधीच सुनेच्या जागी उभी आहे, तिथे पाय ठेवायला फार जागा नसते.

मग करायचं काय? शनिवारची एसटी पकडा, नाहीतर गाडी काढा, आणि एकटे जा. फोनवर हे होणार नाही. व्हॉट्सअॅपवर तर अजिबात नाही, तिथे ‘बरं’ हा शब्द रागावून लिहिलाय की समजून, ते कुणालाच कळत नाही. पोचल्या पोचल्या विषय काढू नका. जेवा. दुपारी, भांडी आवरून झाली की म्हणा, ‘आई, तुझं पहिलं रील दाखव ना.’ आणि पहिल्यापासून सगळी बघा, त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच फोनवर. मध्ये सल्ला नको. कुठला व्हिडिओ किती वेळा परत केला, कुठे हात भाजला, कुठली ओवी विसरली म्हणून शेजारच्या म्हातारीला विचारायला गेल्या, हे त्या आपसूक सांगतील. नाचाच्या व्हिडिओपर्यंत पोचायला अर्धा तास लागेल. त्या अर्ध्या तासानंतर तुम्ही जे बोलाल ते आत्ता तुमच्या मनात आहे ते नसेल, एवढं मला माहीत आहे.

माफी मागायची की नाही ते तुमच्यावर सोडते. ‘व्हिडिओ काढ’ म्हणालात ते कुठल्या शब्दांत, हे पत्रात नाही.

मग कमेंट उघडा, दोघांनी मिळून. इथे तुमची आयटी कामाला येऊ दे. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये नको ते शब्द लपवायची सोय आहे, आपली यादी आपण घालायची. त्या यादीत मराठी शिव्या देवनागरीत घालाच, पण इंग्रजी अक्षरांत लिहितात तशाही घाला, वेगवेगळ्या स्पेलिंगने. आईंसमोर बसून ही यादी करणं अवघड जाईल, ते रात्री त्या झोपल्यावर करा. कमेंट फक्त फॉलोअर्सनाच करता येतील असंही ठेवता येतं. एखादा रोज येऊन काहीतरी खरडत असेल तर त्याला ब्लॉक करा, आणि ओळखीतला असेल, म्हणजे गावातला कुणी वाकडा, आणि ब्लॉक केल्याने गावात बोभाटा व्हायची भीती असेल, तर ‘रिस्ट्रिक्ट’ करा. मग त्याची कमेंट त्याची त्यालाच दिसते. तो खूश, आपण मोकळे. इनबॉक्समध्ये अनोळखी पुरुषांचे ‘हाय’, ‘जेवलीस का’ असे निरोप पडलेले असतील. त्यावर आईंना रागावू नका. ते त्यांनी मागवलेले नाहीत.

एकट्या राहतात म्हणून दोन गोष्टी जास्तच महत्त्वाच्या. व्हिडिओत घराचं फाटक, दारावरची पाटी, गल्लीचा फलक दिसतोय का ते बघा, आणि ठिकाण टाकायची सवय असेल तर मोडा. दुसरं, ‘निघालो आम्ही पंढरपूरला’ हा व्हिडिओ पंढरपूरहून परत आल्यावर टाकायचा. कुलूप लागलेलं घर जगाला सांगायचं नसतं. हे आईंना एका वाक्यात पटेल. पेपर बंद केल्याशिवाय गावाला न जाणाऱ्या पिढीतल्या आहेत त्या.

आणि पैशांचं. दोन लाख लोकांनी बघितलेल्या खात्याकडे चोरांचं लक्ष जातंच. ‘ताई, आमच्या साड्यांची जाहिरात करा, आधी 2,999 रुपये नोंदणी भरा’ असं येईल. किंवा ‘गाण्याच्या हक्काचा भंग झालाय, 24 तासांत खातं बंद होईल, या लिंकवर पासवर्ड टाका’ असं धमकावणारं येईल, वर इन्स्टाग्रामचं चिन्ह लावून. आईंना एवढंच पक्कं करून द्या की खरी कंपनी आपल्याला पैसे देते, मागत नाही, आणि पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा चोरच, मग त्याचा फोटो पोलिसाच्या वेशातला का असेना. खात्याला दोन टप्प्यांचं कुलूप (टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन) आजच लावा. पैसे गेलेच तर ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या 1930 या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. हा आकडा फोनमध्ये नको, फ्रिजवर कागद चिकटवा. आणि महत्त्वाचं म्हणजे, असं काही झालं तर मुलगा ओरडणार नाही याची त्यांना खात्री हवी. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत फसलेले आई-वडील बरेच असतात, आणि पैसे गेले त्यापेक्षा ‘मुलाला कसं सांगू’ यातच त्यांचे तास न् तास गेलेले असतात.

खातं खासगी करायचं का, हा पर्याय आईंसमोर जरूर ठेवा, पण निवड त्यांची. खासगी केलं की फक्त त्यांनी होकार दिलेल्यांनाच दिसेल, घाण बरीचशी थांबेल. पण मग आकडा दोन लाखांवरून दोनशेवर येईल, आणि आईंना तो आकडा आवडलेला आहे, हे आपण मान्य करू या. तुम्हाला नाही का अप्रेझलचा आकडा आवडत? मधला मार्ग म्हणजे दोन खाती. एक सगळ्यांसाठी, त्यावर भाकरी, चटणी, ओव्या, आणि त्यांना वाटलं तर नाचही. दुसरं खासगी, घरच्यांसाठी, त्यावर नातू, बारसं, डोहाळजेवण.

आकड्यावरून मला एकच खरी काळजी वाटते, आणि ती काकांना सुचलेली नाही. एक व्हिडिओ दोन लाखांवर जातो, पुढचे पाच पाचशेवर अडकतात. मग माणूस विचारात पडतो की आपलं काय चुकलं. चुकलेलं काही नसतं, पण मग जरा भडक कर, जरा रडून दाखव, घरातलं भांडण सांग, असं सुरू होतं. ‘सून कशी वागते’ या विषयाला भाकरीपेक्षा जास्त लोक थांबतात. आईंची झोप किती होते, रात्री किती वाजेपर्यंत फोन हातात असतो, आकडा पडला की जेवण कमी होतं का, हे शेजारणीला विचारू नका, दोन दिवस राहून बघा. तसं दिसलं तर बोला, पण रील बंद करण्याबद्दल नको, झोपेबद्दल बोला. रात्री नऊनंतर फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, असा नियम करायचा असेल तर तो तुमच्या पुण्याच्या घरीही करा आणि त्यांना तसं सांगा.

ओव्यांबद्दल मला राहवत नाही म्हणून लिहिते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्यातल्या पुष्कळ इंटरनेटवर ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तिचा फोटो यांसकट. नाव आणि गाव हवेतून गेलं की घराण्याची अब्रू जाते म्हणणाऱ्या मावशीच्या सासऱ्यांना ते ऐकवायला हवं होतं. तुमच्या आजीच्या ओव्या कुणी गोळा केल्या असण्याची शक्यता कमीच. त्या आता फक्त आईंच्या तोंडी आहेत. व्हिडिओखाली प्रत्येक ओवीचे शब्द लिहायला आईंना मदत करा, आजीचं नाव आणि तिचं माहेर घाला. आजीचं माहेर तुम्हाला माहीत आहे ना? नसेल तर तोही एक विषय झाला शनिवारी दुपारी बोलायला. नातवाला सुट्टीत पाठवलंत तर टाइप करायला तो लहान आहे, पण मागे बसून ऐकेल.

हे पत्र छापल्यावर मला अनेक आयांचे फोन येतील हे ठाऊक आहे, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. मुलं रागावतात तेव्हा सगळं ‘लोक काय म्हणतील’ यातलं नसतं. कधी कधी त्यांना शाळेत कुणी आईबद्दल वाईट बोललं तेव्हा जसं वाटायचं, तसंच वाटत असतं, आणि भांडायला कुणी समोर नसतं म्हणून ती तुमच्यावर येतात. व्हिडिओ काढू नका हवं तर, पण फोन उचला.

आणि मुलांच्या बाजूने लिहिणाऱ्या बाकीच्यांना, ज्यांचे वडील सकाळी सहाला आवाज मोठा करून व्हिडिओ बघतात, सासूबाई फेसबुकवर कुणाच्याही निधनाच्या बातमीला अंगठा देतात, मामा रोज नवा काढा पाठवतात, त्यांना सांगायचं तर उत्तर साधारण हेच आहे. आधी शेजारी बसून बघा ते काय बघतात. सेटिंग मग. पहाटेच्या आवाजासाठी मात्र सरळ इयरफोन आणून द्या, तिथे समजूतदारपणाचा काही उपयोग होत नाही, अनुभवाने सांगते.

जाताना एक काम करा. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून आई शूट करतात असं तुम्ही लिहिलंय, आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी तो पडतो. एक स्टँड घेऊन जा. पाचशे-सहाशे रुपयांत बरा मिळतो. अगदी हलका नको, पंख्याच्या वाऱ्याने हलतो. आणि उंची कमी-जास्त होणारा बघा, भाकरीसाठी खाली लागतो आणि नाचासाठी वर.